पट्टीचे कापलेले टोक

पर्यटन जहाजावरील सफर, जिला आता मराठीतही सरसकट क्रूझ असेच म्हटले जाते, कायद्याच्या दृष्टीने अनेक लहान परदेशगमनांची साखळी असते. प्रवाशाला मात्र ती एकाच खोलीत घालवलेली सलग सुट्टी वाटते, आणि औषधांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या वाटण्यातच सापडते. विमानाने जाणाऱ्याला सीमा दिसते, कारण तिथे रांग असते, शिक्का असतो आणि काचेमागे बसलेला अधिकारी असतो. जहाजावर पलंग तोच, कपाट तेच आणि कपाटातला औषधांचा डबाही जागचा हलत नाही. तरीही सिंगापूरहून निघून मलेशियातील पिनांग आणि थायलंडमधील फुकेत ही बंदरे घेऊन पुन्हा सिंगापूरला येणाऱ्या चार-पाच दिवसांच्या सफरीत तो डबा तीन देशांच्या अमली पदार्थविषयक कायद्यांखालून जातो, आणि त्यांपैकी सर्वांत कडक कायद्याखालून दोनदा. मुंबईहून सिंगापूरला दुबईमार्गे जाणारे स्वस्त तिकीट घेतलेले असेल, तर आणखी एका देशाची त्यात भर पडते.

समुद्रकायद्याविषयीच्या १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार किनारी देशाचा प्रादेशिक समुद्र १२ नाविक मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, असू शकतो, आणि बंदरात नांगर टाकलेले जहाज तर त्या देशाच्या अंतर्गत जलक्षेत्रातच असते. जहाजाची नोंदणी ज्या देशात झालेली असते त्याला ध्वजराष्ट्र म्हणतात. बहुतेक मोठ्या पर्यटन जहाजांचा ध्वज बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा अशा देशांचा असतो. भर समुद्रात त्या ध्वजाचा कायदा चालतो हे खरे असले, तरी 'आम्ही जहाजावर आहोत, त्या देशात उतरलोच नाही' हे उत्तर बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. औषधांच्या बाबतीत तर यात एक विसंगतीही आहे. अमली द्रव्यांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३२व्या कलमाने आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीच्या १९७१ च्या कराराच्या १४व्या कलमाने जहाजाच्या प्रथमोपचारासाठी व तातडीच्या उपचारांसाठी ठेवलेल्या मर्यादित साठ्याला सूट दिली आहे. असा साठा घेऊन जहाज बंदरात शिरले तर ती आयात मानली जात नाही. म्हणजे जहाजाच्या डॉक्टरांच्या कुलूपबंद कपाटातील मॉर्फिन सुखरूप असते, आणि दोन मजले वर एखाद्या आजोबांच्या उशाखालची झोपेची गोळी मात्र प्रत्येक बंदरात नव्याने प्रश्न विचारला जाण्यास पात्र ठरते. १९७१ च्या कराराचे ४थे कलम प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरते अल्प औषध नेऊ देण्याची मुभा सदस्य देशांना देते, पण ती मुभा देशांना आहे, प्रवाशाला नाही. कोणत्या देशाने ती किती आणि कशा अटींवर पुढे द्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी संबंध कायद्याच्या ग्रंथांतून आलेला नाही. मुंबईच्या एका उपनगरातील औषधांच्या दुकानात काउंटरमागे गेलेल्या वीसहून अधिक वर्षांत, सहल कंपन्यांनी क्रूझ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणल्यापासून, प्रवासाला निघालेले आणि प्रवासाहून परतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक समोर उभे राहिले, आणि त्यांच्या पिशव्या आवरून देताना जे लक्षात येत गेले ते येथे नोंदवले आहे. क्रूझला जाणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा मोठा असतो, कारण रोज सामान बांधावे लागत नाही हेच या प्रवासाचे मुख्य आकर्षण. आणि निवृत्त मराठी जोडप्याच्या औषधांची यादी काढली, तर रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, गुडघे आणि झोप मिळून दोघांच्या दहा-बारा प्रकारच्या गोळ्या सहज भरतात.

सीमेवर औषधाची ओळख तीन गोष्टींनी पटते: त्याचे नाव काय, ते कोणाचे आहे आणि किती आहे. भारतीय घरात आणि भारतीय दुकानात या तिन्ही खुणा रोजच्या सवयीने, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, पुसल्या जातात, आणि त्यात पहिला दोष दुकानदाराच्या कात्रीचा आहे. गोळ्यांच्या पट्टीच्या एका टोकाला बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेली असते. गिऱ्हाइकाने दहाच्या पट्टीतल्या सहा गोळ्या मागितल्या की दुकानदार दुसऱ्या टोकाकडून कापतो, कारण उरलेल्या चार गोळ्या पुढच्या माणसाला विकताना तारीख आपल्याकडे असली पाहिजे, हे त्याला शिकाऊ वयातच शिकवलेले असते. या रिवाजात काही गैर नाही, उलट तो दुकानाच्या दृष्टीने जबाबदारीचा आहे. पण गिऱ्हाइकाच्या हाती जो तुकडा जातो त्यावर अनेकदा औषधाच्या नावाचे अर्धेच अक्षर, किमतीचा एखादा आकडा आणि चंदेरी कागद एवढेच उरते. घरी गेल्यावर तो तुकडाही टिकत नाही. सून किंवा मुलगी हौसेने आणलेल्या, सोमवार ते रविवार कप्पे असलेल्या प्लास्टिकच्या डबीत गोळ्या सोलून भरते, आणि त्या डबीत सात दिवसांच्या, चार रंगांच्या, निनावी गोळ्या झोपी जातात. वृद्धांनी गोळी चुकवू नये म्हणून ही डबी उत्तम आहे, आणि सीमेवर तिच्याइतकी वाईट वस्तू दुसरी नाही.

दुसरी खूण डॉक्टरांच्या चिठ्ठीची. चिठ्ठीवर औषधाचे नाव बहुधा व्यापारी असते, म्हणजे कंपनीने ठेवलेले. त्याखाली दडलेले मूळ द्रव्याचे नाव, ज्याला जेनेरिक नाव म्हणतात, ते लिहिण्याची आणि सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्याची सूचना भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या नियमांत घातली असली, तरी चिठ्ठीवरचे अक्षर पाहता तिचा परिणाम माफकच म्हणावा लागेल. भारतीय व्यापारी नाव परदेशी अधिकाऱ्याला काहीही सांगत नाही. त्यात भारतात दोन-तीन द्रव्ये एकाच गोळीत घालून विकण्याची, म्हणजे संयुक्त गोळ्यांची, पद्धत फार बोकाळलेली असल्याने एका नावामागे कधी तीन नावे निघतात. मूळ नावही सगळीकडे एकच असते असे नाही: आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानमध्ये ॲसिटामिनोफेन होते, दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते, आणि मधुमेहावरच्या जुन्या ग्लिबेनक्लामाइडला तिथे ग्लायबुराइड म्हणतात. म्हणून प्रवासासाठी वेगळे पत्र मागून घ्यावे लागते, आणि ते मागताना संकोच करणारे गिऱ्हाईक पाहून आश्चर्य वाटते. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे जातो त्या डॉक्टरांकडे लेटरहेडवर चार ओळी मागणे हा जणू अविश्वास वाटतो. त्या पत्रात तारीख, आजार, मूळ नावे, एका वेळची मात्रा, सोबत असलेली एकूण संख्या आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच असावे लागते. ही शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण चिठ्ठीवर नुसते 'मिसेस कुलकर्णी' आणि पासपोर्टवर स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव अशी तीन नावे असली, की कागदोपत्री ती दोन वेगळी माणसे होतात. जुन्या फॅमिली डॉक्टरांनी तर चिठ्ठीवर आजींचे घरातले लाडके नावच घातलेले एकदा पाहण्यात आले.

तिसरी खूण संख्येची, आणि येथे प्रत्येक देशाची फूटपट्टी वेगळी. भारतातच अमली पदार्थविषयक १९८५ च्या नियमांतील ६६वा नियम असा आहे की, मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ असलेले औषध स्वतःच्या उपचारासाठी बाळगणाऱ्या माणसाजवळ एका वेळी १०० मात्रांपेक्षा जास्त असू नयेत, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे खास लिहून दिले असेल तर ३०० पर्यंत चालतात. ज्या घरांत झोपेच्या गोळ्या कित्येक महिन्यांच्या एकदम भरून ठेवतात, त्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते. सिंगापूर साधारण औषध तीन महिन्यांपुरते आणू देते. जपान चिठ्ठीवर मिळणारे औषध एका महिन्यापुरते आणू देते आणि त्याहून जास्त असेल, तर आयातीचा दाखला आधीच मागवून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये नियंत्रित यादीतील औषध तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर वैयक्तिक परवाना लागतो. या आकड्यांची गंमत अशी की ते सगळे घरातून निघतानाच्या साठ्याला लागू होतात. सफर सात दिवसांची आहे, म्हणून महिनाभराचे नेले तरी हरकत नाही असे मानणारा माणूस पुढे मुलाकडे ऑस्ट्रेलियात चार महिने राहणार असतो, आणि त्याचा डबा त्या चार महिन्यांसाठी भरलेला असतो.

नियंत्रित औषध म्हणजे काय, हे समजावताना काउंटरवर सर्वाधिक वेळ जातो, कारण सामान्य माणसाच्या मनात 'ड्रग' म्हणजे चित्रपटात दाखवतात ती पांढरी पूड असते. भारतात औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांखालील शेड्यूल एच-वन ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तीतल्या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकट असते आणि दुकानदाराला रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम या चिंतेवरच्या व झोपेच्या गोळ्या, गुडघा किंवा कंबर दुखण्यावर दिले जाणारे ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन ही त्या यादीत आहेत, आणि ट्रॅमाडॉल तर एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेतही आले. प्रवाशासाठी ही लाल चौकट ही पहिली व्यवहार्य खूण आहे: ती दिसली, की थांबून प्रत्येक बंदराचा नियम पाहायचा. सिंगापूरच्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाकडे अशा औषधांसाठी आगमनाच्या किमान १० कामकाजाचे दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि गिऱ्हाईक दुकानात येते ते मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, बहुधा बॅग भरून झाल्यावर. संयुक्त अरब अमिरातीतही नियंत्रित औषधासाठी आगाऊ ऑनलाइन परवानगीची सोय आहे. तांबड्या समुद्रातून सुएझकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवरील इजिप्तमध्ये २०१७ साली सुमारे २९० ट्रॅमाडॉल गोळ्या आणलेल्या एका ब्रिटिश प्रवासी महिलेला तीन वर्षांची शिक्षा झाली; गोळ्या जवळच्या माणसाच्या पाठदुखीसाठी आणल्या होत्या, हे सांगून भागले नाही.

लाल चौकट मात्र पुरेशी नाही, आणि ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला उशिरा कळली. मधुमेहामुळे तळपायांची आग होणाऱ्यांना प्रीगाबालिन हे औषध, बहुतेकदा ब-१२ जीवनसत्त्वाच्या जोडीने एकाच कॅप्सूलमध्ये, इतके सर्रास लिहिले जाते की घरोघरी ते 'नसांची व्हिटॅमिनची गोळी' म्हणून ओळखले जाते. ब्रिटनमध्ये ते एप्रिल २०१९ पासून नियंत्रित पदार्थ आहे. साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या सफरीला निघालेल्या एका जोडप्याच्या यादीत ते 'व्हिटॅमिन' या सदराखाली लिहिलेले होते, आणि यादी त्यांनी स्वतः, शाळामास्तरांच्या सुंदर अक्षरात, फार काळजीने केली होती. उलट दिशेनेही आश्चर्ये असतात. सर्दीच्या गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन प्रमाणाबाहेर, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक, असेल तर जपानमध्ये चिठ्ठी असली तरी आणता येत नाही. आणि खसखस, जी औषध नाहीच, ती अफूच्या बोंडातून निघते म्हणून अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि सिंगापूरमध्येही तिच्यावर निर्बंध आहेत. तेव्हा गोळ्यांची फाइल चोख लावून बॅगेत आजीच्या हातचे अनारसे आणि डिंकाचे लाडू भरणाऱ्या प्रवाशाला काय सांगावे, हा प्रश्न औषधविक्रेत्याच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हता.

आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या औषधांकडे लोक औषध म्हणून पाहतच नाहीत, आणि येथे नाव पुसले जाण्याची गोष्ट टोकाला जाते. वैद्यांनी दिलेल्या कागदी पुड्या, होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या बिनलेबलच्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत सुटे बांधलेले चूर्ण, ही सामग्री निरुपद्रवी असली तरी कोणत्याही तपासनिसाला नेमकी जे शोधायला बसवलेले असते त्याच्यासारखी दिसते. शिवाय ती नेहमीच निरुपद्रवी असेल असेही नाही. जातिफलादि चूर्णात भांग असते, कामिनीविद्रावण रसात अफू असते, आणि भारतीय कायद्यानेही भांग, अफू, धोत्रा, बचनाग यांना शेड्यूल ई-वन या यादीत घालून त्यांच्या कल्पांवर देखरेखीत घेण्याची सूचना छापणे बंधनकारक केले आहे. पोट बिघडले तर असू द्यावे म्हणून नेलेले चूर्ण हे त्या चूर्णाच्या नावापलीकडे काय आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. याबाबत सल्ला सोपा देता येतो: वैद्यांकडून सीलबंद, कंपनीच्या बाटलीतले, घटक छापलेले औषध मागावे आणि पुड्या घरी ठेवाव्यात. तो पाळला किती जातो हे वेगळे. एका गृहस्थांनी पुड्या घरी ठेवल्या आणि मग त्यांतले चूर्ण दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत भरून नेले, हे त्यांनीच परत आल्यावर अभिमानाने सांगितले.

जहाजावर चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच चिठ्ठ्या लावून घेतल्या जातात आणि त्या खोलीच्या दाराशी पोहोचायला संध्याकाळ होते. दुपारच्या जेवणाआधीचे इन्सुलिन त्या बॅगेत असले तर ते त्या वेळेपुरते नसल्यासारखेच. त्यामुळे औषधे हातातल्या पिशवीत, आणि विमानातही हातातच, कारण विमानाच्या पोटातल्या थंडीने गोठलेले इन्सुलिन निकामी होते आणि बाहेरून पाहून ते नेहमीच कळत नाही. खोलीतला छोटा फ्रिज पेये गार ठेवण्यापुरता असतो. न उघडलेल्या इन्सुलिनला लागणारे २ ते ८ अंश तापमान तो राखेलच असे नाही, म्हणून राखीव पेन जहाजाच्या दवाखान्यात ठेवण्याची विनंती करता येते, आणि वापरलेल्या सुयांसाठी कडक डबाही मागून मिळतो. पण सर्वांत जास्त फसगत शेवटच्या रात्री होते, आणि कोणत्याही पत्रकात तिचा उल्लेख पुरेशा ठळकपणे नसतो. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीच उचलल्या जातात आणि थेट बंदरावर मिळतात. सगळे आवरण्याच्या नादात सकाळची रक्तदाबाची गोळी त्या बॅगेबरोबर निघून जाते. सात दिवस शिस्तीने चाललेली यादी नेमकी घरी निघण्याच्या दिवशी मोडल्याचे या काउंटरवर इतक्यांनी सांगितले आहे की, आता पिशवी बांधून देताना शेवटच्या सकाळच्या गोळ्यांची पट्टी वेगळी, पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला दिली जाते.

बंदरात उतरताना सगळा डबा घेऊन उतरू नये, त्या दिवसाची मात्रा, तीही नाव असलेल्या पट्टीत, आणि पत्राची प्रत एवढेच न्यावे, असे सांगितले जाते. यात धोका दोन्हीकडून आहे. डबा खोलीत राहिला म्हणून त्या देशाच्या कायद्यातून सुटत नाही, हे वर आलेच आहे. आणि किनाऱ्यावरच्या सहलीची बस वेळेत परतली नाही आणि जहाज निघून गेले, तर प्रवासी एका देशात आणि औषध दुसऱ्या देशाच्या वाटेवर अशी स्थिती होते. कायद्यासाठी कमी न्यावे आणि अडचणीसाठी जास्त न्यावे, या दोन सल्ल्यांचा मेळ पूर्णपणे बसत नाही. दोन दिवसांची मात्रा हा प्रस्तुत लेखकाने काढलेला तोडगा आहे, आणि तो तोडगाच आहे.

जहाजात दवाखाना असतो, डॉक्टरही असतो. सागरी कामगारांविषयीच्या २००६ च्या करारानुसार १०० किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरी नेहमी करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असणे आवश्यक आहे. पण तो दवाखाना तातडीच्या उपचारांसाठी आहे, संपलेली चिठ्ठी भरून देण्यासाठी नाही, आणि तिथले तपासणीशुल्क डॉलरमध्ये खोलीच्या खात्यावर चढते. शिवाय तिथला साठा पाश्चात्त्य वैद्यकाच्या हिशेबाने भरलेला असतो. भारतात मधुमेहासाठी जागोजाग दिले जाणारे व्हिल्डाग्लिप्टिन अमेरिकेत मंजूरच झालेले नाही, आणि अंगदुखीवरचे निमेसुलाइड अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये कधी आले नाही. ते मागितले, तर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसणारे आश्चर्य खरे असते.

हा साठा आणि ही नावे किती महत्त्वाची, हे फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला सगळ्या जगाने पाहिले. 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज २० जानेवारीला तिथूनच निघाले होते आणि ४ फेब्रुवारीला सफर संपणार होती. कोरोनाच्या संसर्गामुळे ३,७११ माणसांसह ते बंदरात अडकले आणि प्रवाशांना खोल्यांतच दोन आठवड्यांचे विलगीकरण सांगितले गेले. प्रवाशांत वयस्कांची संख्या मोठी होती आणि बहुतेकांनी औषधे सफरीच्या दिवसांचा हिशेब करून आणली होती. काही दिवसांतच एका सज्जातून जपानी ध्वजावर औषधांच्या तुटवड्याची हाक लिहून लावलेली छायाचित्रे जगभर गेली. ब्रिटनमध्ये नोंदलेले जहाज, अमेरिकी कंपनी, जपानी बंदर आणि पन्नासहून अधिक देशांची माणसे, अशा त्या गुंत्यात जबाबदारी कोणाची यावर नंतर पुष्कळ लिहिले गेले; पण खोलीतल्या माणसापुढचा प्रश्न साधा होता. त्याच्या गोळीला जपानीत काय म्हणतात? ज्यांच्याजवळ मूळ नाव आणि मात्रा होती त्यांचे उत्तर सापडणे सोपे होते, आणि ज्यांच्याजवळ 'सकाळची गुलाबी, रात्रीची अर्धी पांढरी' एवढेच होते त्यांच्यासाठी जपानी औषधतज्ज्ञ काय करू शकणार होते, याची कल्पना कोणाही काउंटरवरच्या माणसाला येते, कारण त्याला हे वर्णन रोज ऐकावे लागते. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, आणि त्यांपैकी केवळ ६ प्रवासी होते. उरलेले १३२ कर्मचारी होते.

हा आकडा महत्त्वाचा, कारण क्रूझवरच्या औषधांची चर्चा नेहमी प्रवाशाला धरून होते आणि कर्मचारी तिच्या बाहेर राहतो. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात ते, आणि कोकणातून स्वयंपाकघर, खोल्यांची सफाई व यंत्रशाळा यांत काम करायला जाणारी मुले सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर जातात. त्यांची वैद्यकीय तपासणी जहाजावर चढण्याआधी होते, चालू औषधे जाहीर करावी लागतात, आणि बंदरागणिक त्यांच्या वैयक्तिक चीजवस्तूंची घोषणा जहाजाच्या कागदपत्रांत जोडलेली असते, कारण सागरी वाहतुकीच्या सुलभीकरणासाठी १९६५ साली झालेल्या करारात तिच्यासाठी वेगळा नमुनाच आहे. रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी कायमची असलेल्या मुलाला नऊ महिन्यांचा साठा नेता येत नाही, आणि नेलेला साठा तीन महिन्यांनंतर संपतो. मग घरचे लोक दुसरा मार्ग काढतात: त्याच जहाजावर जॉइन होणाऱ्या गावच्या दुसऱ्या मुलाबरोबर पुडके पाठवतात. 'स्वतःच्या वापरासाठी' या दोन शब्दांवर सारी सवलत उभी असताना दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी आणि दुसऱ्याच्या गोळ्या घेऊन निघालेला तो मुलगा किती उघड्यावर असतो, हे आईला समजावून सांगणे कठीण असते, कारण तिच्या दृष्टीने ते पुडके खव्याच्या पेढ्यांच्या पुडक्याहून वेगळे नसते.

अशीच एक आई, रत्नागिरीकडची, मुलासाठी टेल्मिसार्टनच्या सहा महिन्यांच्या पट्ट्या न्यायला आली होती. पट्ट्या दिल्या गेल्या नाहीत. त्याऐवजी डॉक्टरांकडून मूळ नावाचे पत्र घेऊन त्याचा फोटो मुलाला पाठवायला सांगितले गेले, आणि त्या जहाजाच्या डॉक्टरांनी ते पाहून बार्सिलोनाच्या बंदरात कंपनीच्या एजंटाकडून औषध मागवून दिले. पंधरा दिवसांनी ती मोबाइलवर फोटो घेऊन पुन्हा दुकानात आली. खोका निळा-पांढरा होता, मजकूर सगळा स्पॅनिश होता, आणि गोळी आपल्यासारखी गोल नसून लांबट होती, त्यामुळे मुलाला भलतेच काही दिले असावे अशी तिची भीती होती. फोटो मोठा करून खोक्यावरची एक ओळ तिला दाखवण्यात आली, आणि मग तिच्या घरच्या पट्टीवरची, न कापलेल्या टोकाजवळची, तीच ओळ तिच्याशेजारी धरण्यात आली. तिने दोन्ही ओळींवरून एकेका अक्षरावर बोट फिरवून पाहिले, शेवटच्या 'चाळीस' या आकड्यापर्यंत, आणि स्वतःच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीतून काढली.